पाळी थांबली, तरी रक्त साठत नाही

तांबी बसवलेल्या बाया आपल्याकडे गावोगाव आहेत. तशाच आकाराची, पण तांब्याऐवजी संप्रेरक सोडणारी ‘मिरेना’ मात्र अनेकींच्या कानावरही आलेली नसते. तापानी लुक्काइनेन या फिनिश डॉक्टरांच्या संशोधनातून ती घडली आणि १९९० मध्ये फिनलंडमध्येच प्रथम वापरात आली.

तिच्या दांडीवर ५२ मिलिग्रॅम लिव्होनॉरजेस्ट्रेल हे संप्रेरक असतं. सुरुवातीला त्यातलं रोज साधारण २० मायक्रोग्रॅम झिरपतं. त्याचा मुख्य परिणाम गर्भाशयातच होतो. रक्तात फार थोडा अंश उतरतो. म्हणून बहुतेकींमध्ये स्त्रीबीज नेहमीसारखं तयार होतच राहतं. मात्र गर्भाशयाच्या तोंडाशी असलेला स्राव इतका घट्ट होतो की शुक्राणूंना वर जायला वाटच मिळत नाही. पहिल्या वर्षात हजार जणींमागे जेमतेम दोघींना दिवस जातात.

बायका घाबरतात त्या पाळीतल्या बदलाला. एरवी दर महिन्याला गर्भाशयाचं अस्तर जाड होतं, गर्भ राहिला नाही की गळून पडतं, तीच पाळी. हे संप्रेरक अस्तर वाढूच देत नाही. जे तयारच झालं नाही, ते बाहेर काय पडणार? वर्षभरात पाचातल्या एकीची पाळी जवळजवळ थांबते. ‘घाण रक्त आत साठतंय’ ही भीती सर्वस्वी निराधार आहे. पहिले तीन ते सहा महिने मात्र अधूनमधून डाग पडतात. हे बसवण्याआधीच सांगितलं पाहिजे, नाहीतर बाई घाबरून ती काढूनच घेते. काहींना मुरमं, डोकेदुखी, स्तन दुखणं असा त्रास होतो. क्वचित साधन आपोआप बाहेर पडतं. बसवताना गर्भाशयाला छिद्र पडण्याचा धोकाही असतो, पण तो हजारात एखादीला.

अंगावरून फार जाणाऱ्या बाईसाठी हे साधन उपचारही आहे. वर्षभरात रक्तस्राव नव्वद टक्क्यांपर्यंत घटू शकतो. बीड जिल्ह्यात २०१९ च्या सरकारी पाहणीत १३ हजारांहून अधिक ऊसतोड महिलांची गर्भपिशवी काढलेली आढळली. प्रत्येकीचं कारण वेगळं असेल, पण अशा शस्त्रक्रियेआधी हा पर्याय किती जणींपुढे ठेवला गेला, हे डॉक्टरांना विचारायलाच हवं. अर्थात, रक्तस्राव कशामुळे होतोय याची तपासणी झाल्याशिवाय हे साधनही बसवायचं नसतं.