संगणकातील दप्तराची दुसरी प्रत

ग्रामपंचायतीची कर आकारणी, शाळेतील विद्यार्थ्यांच्या नोंदी, निरनिराळे दाखले यांचे बरेचसे काम आता संगणकावर होते. फडक्यात बांधलेल्या दप्तराला वाळवी लागली, तरी काही पाने हाती लागत. संगणकाची डिस्क निकामी झाली, तर मात्र वर्षानुवर्षांच्या नोंदी एका क्षणात नाहीशा होऊ शकतात. म्हणून त्यांची स्वतंत्र प्रत, म्हणजेच बॅकअप, ठेवणे अगत्याचे आहे.

ही प्रत त्याच डिस्कच्या दुसऱ्या भागात ठेवून भागत नाही. डिस्क बिघडली की मूळ आणि प्रत दोन्ही जातात. यासाठी जोडता-काढता येणारी हार्ड डिस्क किंवा पेनड्राइव्ह वापरावा. पेनड्राइव्ह माहिती विद्युतभाराच्या रूपाने साठवतो आणि दीर्घकाळ पडून राहिल्यास हा भार क्षीण होतो. फिरत्या तबकडीची हार्ड डिस्क पुष्कळ माहिती सामावते. परंतु ती हातून पडल्यास बिघडण्याचा संभव असतो. तेव्हा कोणत्याही एकाच साधनावर विसंबू नये.

प्रत घेऊन होताच साधन संगणकापासून अलग करावे. मे २०१७ मध्ये ‘वॉनाक्राय’ या खंडणीखोर विषाणूने दीडशेहून अधिक देशांतील संगणक ग्रासले. तो जोडलेल्या साधनांवरील फायलीही कुलूपबंद करीत असे. कपाटात ठेवलेल्या साधनापर्यंत असा विषाणू पोहोचू शकत नाही.

कपाट मात्र त्याच खोलीत नसावे. २१ जून २०१२ रोजी मुंबईत मंत्रालयाला लागलेल्या आगीत अनेक कागदपत्रे भस्मसात झाली. आग किंवा पूर एका इमारतीतील सर्व प्रती एकदमच नष्ट करू शकतो. यास्तव एकूण तीन प्रती, दोन प्रकारच्या साधनांवर, आणि त्यांपैकी एक अन्य इमारतीत, हा नियम जाणकार सांगतात. बाहेर नेल्या जाणाऱ्या साधनात नागरिकांची खाजगी माहिती असते. ती सांकेतिक रूपात, परवलीच्या शब्दाने सुरक्षित करावी आणि तो शब्द जबाबदार अधिकाऱ्यांपाशी जपून ठेवावा.

साधनांवर तारीख लिहावी, आठवड्याचा वार ठरवावा आणि दोन साधने आळीपाळीने वापरावीत. अधूनमधून एखादी फाइल प्रतीवरून उघडून पाहावी. जी प्रत उघडत नाही, ती असून नसल्यासारखीच होय. दाखल्यासाठी दारी आलेल्या ग्रामस्थाला रिकाम्या हाती परतावे लागू नये, यासाठी आठवड्यातील एवढा थोडा वेळ अवश्य काढावा.