एम्शर नदीचें मैलापाणी व खर्चाची वांटणी

संभूयसमुत्थान हें व्यवहारपद धर्मशास्त्राच्या अभ्यासकांस परिचित आहे. अनेकांनीं मिळून कार्य आरंभिलें असतां लाभ व तोटा प्रत्येकाच्या भांडवलाच्या प्रमाणांत, किंवा आधीं ठरलेल्या कराराप्रमाणें वांटावा, असा याज्ञवल्क्याचा निर्णय आहे. कौटिल्याचा नियम याहून कठोर. सर्वांनीं मिळून बांधावयाच्या बंधाऱ्यांतून जो अंग काढून घेईल, त्याचे मजूर व बैल कामास लावावे, खर्चाचा वांटा त्याजकडून घ्यावा, आणि फळांत मात्र त्यास भाग देऊं नये. परंतु पाणी आणावयाचें नसून घाण पाणी घालवावयाचें असेल, तर काय? तेथें पैसा न देणाऱ्यास फळापासून दूर ठेवतां येत नाहीं. वरच्या गांवानें घाण नदींत सोडली कीं त्याचें काम झालें. उपद्रव काय तो खालच्या गांवास.

या प्रश्नाचें एक पद्धतशीर उत्तर जर्मनींतील रूर प्रांतांत सांपडतें. एम्शर ही डॉर्टमुंडजवळ उगम पावून पश्चिमेस ऱ्हाइन नदीस मिळणारी लहानशी, मंद उताराची नदी. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत तिच्या कांठीं कोळशाच्या खाणी वाढल्या व खालून पोखरलेली जमीन जागोजाग खचूं लागली. पाणी तुंबलें, रोगराई वाढली. एका नगरानें आपल्यापुरती गटारें नीट केलीं तरी घाण शेजाऱ्याच्या हद्दींत जाऊन पडे. अखेर ता. १४ डिसेंबर १८९९ रोजीं बोखुम येथें नगरें, जिल्हे, खाणवाले व कारखानदार यांचा संघ स्थापन झाला, आणि ता. १४ जुलै १९०४ च्या प्रशियन कायद्यानें त्याचें सभासदत्व सक्तीचें ठरलें. अंग काढून घेण्याची वाट अशा रीतीनें बंद झाली.

आतां वांटणीचें माप. केवळ लाभ पाहावा, तर घाण करणारा वरचा सभासद म्हणे, मला काय लाभ? केवळ अपराध पाहावा, तर पूर टळून ज्याची जमीन सुधारली तो फुकट सुटे. म्हणून कायद्यानें दोन्ही बाजू धरल्या: सभासदानें नदीच्या खोऱ्यांत केलेली हानि, व संघाच्या कामांपासून त्यास होणारा लाभ. त्यावरून प्रत्येकाच्या नांवें आकार बसवून पत्रक तयार होई, आणि तो मान्य नसल्यास दाद मागण्याची सोय असे.

परंतु एका नगराची विष्ठा आणि एका कारखान्याचें सांडपाणी यांची तुलना करावी कशी? शेजारच्या रूर नदीसाठीं १९१३ सालीं असाच कायदा झाला. तिचें पाणी पिण्याचें असल्यामुळें तेथें शुद्धतेस महत्त्व अधिक. कारखान्याची घाण किती माणसांच्या घाणीइतकी, असें तेथें मोजूं लागले. आजच्या युरोपीय गणनेनें एका माणसामागें दररोज ६० ग्रॅम प्राणवायु खर्चील इतकी घाण धरतात. म्हणजे रोज ६०० किलोग्रॅमची घाण सोडणारा कारखाना दहा हजार वस्तीच्या गांवाबरोबर बसतो. आपल्याकडील अंगुल, हस्त, पुरुष हीं मापें माणसाच्या देहावरून निघालीं; हें त्याच्या मळावरून निघालें, इतकाच भेद! कोकभट्ट्यांतील फिनॉलसारखें विष मात्र या मापांत नीट बसत नाहीं.

पद्धति निर्दोष होती असें मला वाटत नाहीं. संघाच्या सभेंतील मतांचें वजन वर्गणीवर अवलंबून असे. जो अधिक देई त्याचें अधिक चाले. जमीन खचत असल्यामुळें भूमिगत नळ टिकत नसत, हें कारण खरें आहे. म्हणून नदीच सरळ करून, तिला बांधीव पात्रांत कोंडून, उघडें गटार बनविण्यांत आलें. संघाच्या हिशेबीं तो मार्ग स्वस्त ठरला. कांठावर राहणाऱ्यांनीं जी दुर्गंधि पिढ्यान्‌पिढ्या सोसली, तिचा आकार मात्र कोणत्याच सभासदाच्या नांवें पडला नाहीं. कारण नाक मुठींत धरून बसणारा मजूर संघाचा सभासद नव्हता.

खाणी उत्तरेकडे सरकल्या, जमीन स्थिर झाली, तेव्हां १९९२ पासून नदी मोकळी करण्याचें काम हातीं घेतलें गेलें. डॉर्टमुंडपासून डिन्सलाकेनपर्यंत सुमारें ५१ किलोमीटर लांबीचें भूमिगत मुख्य गटार बांधलें, आणि २०२१ च्या अखेरीस एम्शर मैलापाण्यापासून मुक्त झाली. एकूण खर्च सुमारें साडेपांच अब्ज युरो. रूरमधील शेवटची कोळशाची खाण तर २०१८ सालींच बंद झाली होती. ज्यांनीं जमीन पोखरली त्यांपैकीं पुष्कळ आज पट्टी भरावयास उरले नाहींत. तो भार आतां मुख्यतः नगरांच्या रहिवाशांवर आहे.

आपल्याकडे पाट, बंधारे, आड व गांवचीं गटारें यांच्या डागडुजीच्या खर्चाच्या वांटणीच्या याद्या जुन्या दप्तरांत असण्याचा संभव आहे. संग्राहक बहुधा सनदा व वंशावळी उचलतात आणि असले कागद रद्दींत घालतात. कोणापाशीं ते असल्यास नकला मंडळाकडे पाठवाव्या. विशेषतः ज्यांत कोणी वांटा देण्याचें नाकारलें व पंचांनीं निवाडा केला, असे कागद अगत्यानें पाठवावे.