तारणाच्या पंगतीत सर्वांना स्थान

प्रभू येशूने दिलेले तारण सर्व मानवांसाठी आहे, हे आपण बालपणापासून धर्मशिक्षणात शिकत आलो. परंतु खुद्द प्रेषितांनाही या सत्याचा पुरता अर्थ हळूहळूच उमगला. वाचकांनी ‘प्रेषितांची कृत्ये’ या ग्रंथाचा दहावा अध्याय पुन्हा एकवार उघडावा, अशी आमची विनंती आहे.

संत पेत्र तेव्हा यापो या बंदरगावी, कातडी कमावणाऱ्या शिमोनाच्या घरी उतरले होते. मृत जनावरांशी संबंध येत असल्यामुळे हा धंदा यहुदी समाजात हीन लेखला जाई. त्या घराच्या धाब्यावर दुपारी प्रार्थना करीत असता पेत्रांना दृष्टान्त झाला. आकाशातून चादरीसारखे काही खाली उतरले. त्यात सर्व प्रकारचे प्राणी होते, आणि ते मारून खाण्याची आज्ञा झाली. निषिद्ध अन्नास आपण कधी शिवलो नाही, असे सांगून त्यांनी नकार दिला. तीन वेळा असेच घडले. इतक्यात कर्नेल्य नामक रोमी शताधिपतीची माणसे दाराशी येऊन ठेपली. पेत्रांनी त्यांना रात्री ठेवून घेतले आणि दुसऱ्या दिवशी त्यांच्यासह कैसरीयाची वाट धरली. तेथे त्यांचे बोलणे पुरे होण्यापूर्वीच जमलेल्या परराष्ट्रीय मंडळीवर पवित्र आत्मा उतरला. देवाने ज्यांस अट घातली नाही, त्यांस स्नानसंस्कार कोण नाकारणार?

पेत्र यरुशलेमला परतताच त्यांना जाब विचारला गेला तो पंगतीचा: परक्यांच्या घरी जेवलात कसे? पुढे सुमारे इ. स. ४९ मध्ये तेथील सभेने परराष्ट्रीय बांधवांवर सुंतेचे ओझे न लादण्याचा निर्णय दिला. याच पेत्रांनी अंत्युखियात लोकांच्या भयाने पंगतीतून अंग काढून घेतले आणि संत पौलांनी त्यांना तोंडावर दोष दिला, हेही गलतीकरांस लिहिलेल्या पत्रात नमूद आहे. दार एकदा उघडले म्हणून ते उघडेच राहते, असे नव्हे.

आपल्या मराठी भाषेसाठीही हे दार कोणीतरी उघडले. इंग्लंडात जन्मलेले फादर थॉमस स्टीफन्स १५७९ मध्ये गोव्यास आले. त्यांनी तारणाची कथा येथल्या लोकांच्या ओवीत गाइली, आणि १६१६ मध्ये त्यांचे ‘ख्रिस्तपुराण’ छापले गेले. दुसऱ्या व्हॅटिकन विश्वपरिषदेने तर १९६४ मध्ये ‘लुमेन जेन्सियुम’ या दस्तऐवजात स्पष्ट केले की, स्वतःच्या दोषाविना ज्यांना शुभवर्तमानाची ओळख झाली नाही, परंतु जे देवाच्या कृपेने प्रेरित होऊन प्रामाणिक अंतःकरणाने त्याचा शोध घेतात व विवेकबुद्धीप्रमाणे वागतात, त्यांनाही तारण मिळू शकते.

मग आपल्या अंगणात काय दिसते? ख्रिस्तसभेतही जातिभेद चालतो, हे भारतातील कॅथोलिक बिशपांच्या परिषदेने २०१६ मध्ये दलित बांधवांविषयीचे धोरण जाहीर करताना मान्य केले. प्रभुभोजनास एका वेदीपाशी यावे आणि घरच्या लग्नात पंगत निवडून मांडावी, ही विसंगती आपणच मोडली पाहिजे. शताधिपतीच्या घरी पेत्र काही दिवस मुक्कामास राहिले होते. आपण निदान एका जेवणापुरते तरी कोणाचा उंबरठा ओलांडतो, याचा विचार प्रत्येक ख्रिस्ती कुटुंबाने करावा.