आयटीआय झाल्यावरचं वर्ष

दहावीचा निकाल लागला की नगरकडे आयटीआयचं नाव बहुधा टक्के कमी पडल्यावरच निघतं. ही उतरंड चुकीची आहे. शासकीय आयटीआयत इलेक्ट्रिशियनची जागा काही सहज मिळत नाही.

प्रवेश राज्यभर एकाच ऑनलाइन पद्धतीने होतात. विकल्प भरताना घाई नको. पहिल्या पसंतीची जागा मिळाली आणि घेतली नाही, तर पुढच्या फेऱ्यांतून नाव जातं. वेल्डर एक वर्षाचा. फिटर, टर्नर, इलेक्ट्रिशियन दोन वर्षांचे. वेल्डर, वायरमनसारख्या काही ट्रेडना दहावी नापासांनाही वाट आहे.

फिटरच्या मुलाला सुरुवातीला हाती मिळते ती कानस. लोखंडाचा तुकडा शेगड्यात आवळायचा, कानस मारायची, गुण्या लावून उजेडाकडे धरायचा. फटीतून उजेड दिसला की पुन्हा कानस. मुलं कंटाळतात, पण हात इथेच बसतो.

खरी परीक्षा त्यापुढची: शिकाऊ उमेदवारी, म्हणजे ॲप्रेंटिसशिप. 1961 च्या कायद्यानुसार 30 किंवा त्याहून जास्त माणसं असलेल्या आस्थापनांना मनुष्यबळाच्या अडीच ते पंधरा टक्के शिकाऊ उमेदवार घ्यावेच लागतात. त्यामुळे नागापूर आणि सुप्याच्या एमआयडीसीतले कारखानेच नव्हेत, तर एसटी, महावितरण आणि नगरजवळची संरक्षण खात्याची वाहन संशोधन संस्था व्हीआरडीई हेही दरवाजे आहेत. आयटीआय झालेल्याला साधारण वर्षभर काढावं लागतं. दरमहा विद्यावेतन मिळतं. शेवटी परीक्षा आणि राष्ट्रीय प्रमाणपत्र.

इथे एक गोष्ट नीट समजून घ्यावी. शिकाऊ उमेदवार कायद्याने कामगार नसतो, प्रशिक्षणार्थी असतो. म्हणून वर्ष संपल्यावर कायमची नोकरी मिळेलच असं नाही. पण सुरक्षेचे नियम त्याला लागू आहेत आणि कामावर इजा झाली तर भरपाईचा हक्कही आहे. मुलगा अठराच्या आतला असेल तर करारावर पालकांनी सही करायची असते. कंत्राटदाराकडचं ‘ट्रेनी’ हे नुसतं नाव म्हणजे ॲप्रेंटिसशिप नव्हे, आणि या दोहोंत गल्लत फार होते.

पुढे शिकायचं असेल तर दोन वर्षांच्या ट्रेडनंतर पॉलिटेक्निकच्या थेट दुसऱ्या वर्षाचा रस्ता उघडा असतो.

सही करण्याआधी एवढंच विचारा: करार सरकारी पोर्टलवर नोंदवणार ना? उत्तर गुळमुळीत आलं तर दुसरी जागा शोधा.