सहा पेन्सचं नाणं आणि तारेचं गणित

एका वाचकाने विचारलं आहे: मल्टी-इफेक्ट पेडल घेतलं, त्यात ब्रायन मेचा आवाज देणारा प्रीसेट आहे, सूरही बरोबर वाजतात, तरी ‘क्वीन’ बँडमधली त्याची गिटार ऐकू येत नाही. आता आणखी कोणतं पेडल घ्यावं?

कोणतंच नको. आधी हातातला पिक बदलून पाहा.

या प्रश्नासाठी ब्रायन मेइतकं चांगलं उदाहरण सापडणं कठीण, कारण त्याच्या आवाजातली जवळजवळ प्रत्येक कडी उघड आहे. १९६३ मध्ये सोळा वर्षांच्या ब्रायनने वडिलांबरोबर घरीच गिटार बनवायला घेतली. वडील हॅरॉल्ड मे इलेक्ट्रॉनिक्स जाणणारे होते. गिटारची मान जुन्या शेकोटीच्या महोगनी चौकटीतून निघाली, ट्रेमोलोच्या स्प्रिंगा जुन्या मोटारसायकलच्या इंजिनातून आल्या आणि पट्टीवरच्या खुणांसाठी आईच्या शिवणाच्या डब्यातली शिंपल्याची बटणं लागली. साधारण दोन वर्षांनी तयार झालेली ती ‘रेड स्पेशल’ तो आजही वाजवतो. पुढे फ्रेडी मर्क्युरी, म्हणजे पाचगणीच्या सेंट पीटर्स शाळेत शिकलेला आणि तिथेच ‘हेक्टिक्स’ नावाच्या बँडमध्ये पियानो वाजवलेला फारुख बुलसारा, त्याला भेटला आणि ‘क्वीन’ उभी राहिली.

आणि ही गिटार तो छेडतो नाण्याने! सहा पेन्सचं जुनं ब्रिटिश नाणं, व्यास १९ मिलिमीटरच्या थोडा वर, कडेला बारीक दाते. १९८० मध्ये ते चलनातून गेलं. पण १९९३ च्या त्याच्या दौऱ्यासाठी ब्रिटनच्या टांकसाळीने त्याची छबी असलेली नाणी खास पाडून दिली. प्लास्टिकचा पिक वाकतो, त्यामुळे तार नेमकी कधी सुटली हे बोटांना नीट कळत नाही, अशी त्याची तक्रार. नाणं वाकत नाही. शिवाय ते किंचित तिरकं धरलं की दाते तारेवर घासतात आणि प्रत्येक सुराच्या सुरुवातीला एक खरखरीत उच्चार येतो.

इथे मला थॉमस यंग यांच्याकडे वळायलाच हवं. शाळेत ते भेटतात प्रकाशाच्या व्यतिकरणाच्या धड्यात. तारांवरचं त्यांचं काम मात्र आपण विसरूनच गेलो आहोत. १८०० साली रॉयल सोसायटीपुढे मांडलेल्या ध्वनी आणि प्रकाशावरच्या निबंधात त्यांनी कंप पावणाऱ्या तारांचा बारकाईने विचार केला होता. त्यांच्या नावाने ओळखला जाणारा नियम साधा आहे: ज्या बिंदूवर तार छेडाल, त्या बिंदूवर ज्या उपस्वरांचे निस्पंद, म्हणजे न हलणारे बिंदू, असतील ते उपस्वर निर्माण होत नाहीत. घोडीपासून एक पंचमांश अंतरावर छेडली, तर पाचवा आणि दहावा उपस्वर गैरहजर. आणि जितक्या टोकदार, कडक वस्तूने छेडाल तितका तारेला पडलेला कोन तीक्ष्ण, तितके वरचे उपस्वर जास्त. मऊ बोटाने तो कोन गोल होतो आणि वरची गर्दी गळून पडते.

आता हे गिटारवर लावून पाहा. ‘रेड स्पेशल’ची तार सुमारे ६१ सेंटिमीटरची. घोडीपासून १२ सेंटिमीटरवर छेडली, तर मोकळ्या तारेचा पाचवा उपस्वर दबतो. हात तिथेच ठेवून पाचव्या पडद्यावर बोट टेकवलं की तारेची लांबी पाऊण होते आणि छेडण्याची जागा एक चतुर्थांशाजवळ येते. आता पाचवा उपस्वर जिवंत होतो आणि चौथा दबतो. म्हणजे प्रत्येक सुराची गाळणी वेगळी! पेडलमधला इक्वलायझर सगळ्या सुरांना एकच गाळणी लावतो. डाव्या हाताचं बोट कुठे आहे आणि उजवा हात घोडीपासून किती दूर आहे, हे त्याला कळायला मार्गच नाही.

पिकअपलाही हाच नियम उलट्या बाजूने लागतो. पिकअप ज्या बिंदूखाली बसला आहे, तिथे निस्पंद असलेला उपस्वर त्याला ऐकूच येत नाही. ‘रेड स्पेशल’वर असे तीन पिकअप आहेत, सिरीजमध्ये जोडलेले, आणि प्रत्येकाला दोन बटणं: एक चालू-बंद करायला, दुसरं त्याची फेज उलटी करायला. दोन पिकअप उलट्या फेजमध्ये जोडले की त्यांचे संदेश एकमेकांतून वजा होतात. मूळ स्वरात तार दोन्ही ठिकाणी जवळपास सारखीच हलते, त्यामुळे तो बराचसा कटतो. वरचे उपस्वर दोन्हीकडे वेगवेगळे असतात, ते उरतात. आवाज पातळ, नाकातला, किंचाळणारा होतो. हे व्यतिकरणच आहे. यंग ध्वनिलहरींच्या मिसळण्यावर विचार करतच प्रकाशाच्या व्यतिकरणापर्यंत पोहोचले होते. ब्रायन मेनेही इम्पीरियल कॉलेजात राशिचक्री धुळीच्या गतीवर संशोधन केलं ते फॅब्री-पेरो व्यतिकरणमापी वापरूनच. १९७४ मध्ये अर्धवट राहिलेली ती पीएच.डी. त्याने २००७ मध्ये पूर्ण केली. हा योगायोग मला विलक्षण आवडतो.

पेडलला काहीच काम नाही असं नव्हे. मेच्या साखळीत नाण्यानंतरची महत्त्वाची कडी म्हणजे ट्रेबल बूस्टर. ही युक्ती त्याला आयरिश गिटारवादक रोरी गॅलाघरकडून कळली: व्हॉक्स एसी-३० ॲम्प्लिफायर आणि त्याच्या आधी डॅलस रेंजमास्टर. त्या डबीत जर्मेनियमचा एक ट्रान्झिस्टर असतो आणि आत शिरताना खालचे स्वर अडवणारा एक छोटा कपॅसिटर. खालचे स्वर आधीच का अडवायचे? पूर्ण आवाजात लावलेला ॲम्प लहरींचे शेंडे छाटतो आणि त्या छाटणीतून नवे उपस्वर जन्मतात. पण खालच्या स्वरांची उंची सर्वांत मोठी; ते भरपूर आत गेले तर छाटणी त्यांच्याच तालावर होते आणि वरचे स्वर चिखलात रुततात. आधी खालचे स्वर कमी करा, मग छाटा: आवाज गातो. आधी छाटा, मग खालचे स्वर कमी करा: चिखल तसाच, फक्त पातळ. हिंग उकळत्या तेलात पडला की नंतर आमटीवर भुरभुरला, यात जितका फरक, तितकाच इथे. मेचा ॲम्प बहुतेक वेळ पूर्ण उघडा असतो. साफ आवाज हवा तर तो गिटारवरचंच व्हॉल्यूमचं बटण खाली आणतो. प्रीसेट बदलत बसणाऱ्यांनी ही एक सवय तरी उचलावी.

जॉन डीकनचं नावही इथे घ्यायलाच हवं. ‘क्वीन’चा हा अबोल बासवादक चेल्सी कॉलेजचा इलेक्ट्रॉनिक्सचा पदवीधर, तोही प्रथम वर्गातला. १९७२ च्या सुमारास कचऱ्याच्या पेटीत टाकलेलं सर्किट त्याने उचललं आणि एका छोट्या स्पीकरच्या खोक्यात बसवलं. बॅटरीवर चालणारा तो ‘डीकी ॲम्प’ मेने स्टुडिओत वापरला. १९७५ च्या ‘गुड कंपनी’ या गाण्यात अख्खा जॅझ बँड वाजतो असं वाटतं. ती सगळी गिटारच आहे, या खोक्यातून आलेली. मेवर पानंच्या पानं लिहिणारे डीकनला एका ओळीत उरकतात, हे मला पटत नाही.

हल्ली न्यूरल नेटवर्कने ॲम्पचा आवाज ‘पकडणारी’ यंत्रं निघाली आहेत. ती ॲम्पची छाटणी खरोखर उत्तम शिकतात, त्यात शंका नाही. पण ‘अमुक कलाकाराचा आवाज तुमच्या पायाशी’ ही जाहिरात खोटी आशा दाखवते. साखळीचा पहिला भाग, म्हणजे तार, बोट आणि नाणं, त्या यंत्राच्या बाहेरच राहतो.

यंग यांच्या नियमाला अपवादही आहे, आणि तो आपल्या घरचा. सी. व्ही. रामन यांनी १९२१ मध्ये दाखवलं की तंबोरा आणि वीणेच्या तारा हा नियम पाळत नाहीत. निस्पंदावर छेडली तरी ‘नसायला हवा’ तो उपस्वर गुंजतोच, कारण तार रुंद, वक्र घोडीला हळुवार स्पर्श करत कंप पावते. मिरजेचे कारागीर घोडी घासून जवारी काढतात ती हीच. मेनेही आपल्या एका स्वस्त अकूस्टिक गिटारच्या घोडीवर फ्रेटच्या तारेचा तुकडा बसवून तारा त्यावर अलगद टेकवल्या होत्या. ‘व्हाइट क्वीन’ आणि ‘जेलसी’मधली सतारीसारखी गुंज त्यातूनच येते. पेडल एकही नाही.

तेव्हा आधी सगळे इफेक्ट बंद करा आणि एकच तार घोडीजवळ, मग पिकअपवर, मग मानेजवळ छेडून ऐका. घरच्या डब्यात कडेला दाते असलेली जुनी पावली सापडली तर तीच पिक म्हणून धरा. सहा पेन्सच्या नाण्याशी तिचं माप जवळपास जुळतं. मात्र ती तांबं-निकेलची, १९८८ पूर्वीची हवी. मेचं नाणंही १९४७ नंतरचं असेल तर त्याच मिश्रधातूचं असतं, पोलादी तारेपेक्षा मऊ. नंतरच्या स्टेनलेस स्टीलच्या पावल्या तारा खातात.