आकाशातील हुकुमाची तामिली

हवेत सोडलेल्या चिमुकल्या विमानाला आपल्या मर्जीप्रमाणे वळविता यावे, ही इच्छा विमानाच्या प्रतिकृती करणाऱ्या प्रत्येकाच्या मनात असते. परंतु ती ज्यांनी यशस्वी रीतीने सिद्धीस नेली त्या वॉल्टर आणि विल्यम गुड या मिशिगनमधील जुळ्या भावांचे १९३७ सालचे 'गफ' हे विमान आज वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन संग्रहालयाच्या मालकीचे आहे, आणि या विद्येचा परिचय करून घ्यावयाचा तर आरंभ तेथूनच केला पाहिजे.

त्या काळचे ग्राहकयंत्र निर्वात नळ्यांचे, बॅटऱ्यांच्या ओझ्याने जड झालेले, आणि त्याला कळणारी भाषा फक्त दोन शब्दांची: लहर आहे किंवा लहर नाही. खालून कळ दाबली की रिले मिटे, पीळ दिलेल्या रबराच्या बळावर एक दातेरी चक्र एक घर पुढे सरके आणि सुकाणू वळे. कळ सोडली की ते मध्यावर येई. पुन्हा दाबली की विरुद्ध दिशेस जाई, अशी वहिवाट पुढे कित्येक वर्षे चालली. यात खरी मेख अशी की, मागील वळण उजवे होते की डावे याचा हिशेब वैमानिकाने मनात ठेवावयाचा असे, आणि वातावरणातील एखाद्या उपऱ्या स्पंदाने चक्र आगंतुकपणे एक घर पुढे गेले तर तो सारा हिशेब चुकून उजवीकडचा हुकूम डावीकडे बजावला जाई.

पुढे स्फटिकाने बांधून दिलेल्या कंप्रता आल्या आणि एकाच मैदानावर अनेक विमाने एका वेळी उडू लागली. अमेरिकेत २७ मेगॅहर्ट्झच्या पट्ट्यात सहा जागा होत्या व प्रत्येकीची निशाणी म्हणून प्रेषकाच्या दांडीस ठराविक रंगाची फीत बांधीत. कालांतराने तेथे ७२ आणि ब्रिटनमध्ये ३५ मेगॅहर्ट्झ हे पट्टे रूढ झाले. दोन प्रेषक एकाच कंप्रतेवर चालू झाले की हवेतील विमान कोणाचेच राहत नाही, ही गोष्ट इतकी निर्विवाद होती की मैदानोमैदानी एक फळी उभी करून तिच्यावर प्रत्येक कंप्रतेचा एकेक चिमटा लावण्याची पद्धत पडली. ज्याच्या हाती चिमटा त्याचाच त्या कंप्रतेवर अंमल, आणि तो हाती आल्याखेरीज प्रेषकाचे बटण दाबण्यास सक्त मनाई. कोणत्याही विद्युत्‌मंडलापेक्षा या लाकडी फळीने अधिक विमाने वाचविली असतील, असे माझे मत आहे.

शत्रू विमानाच्या पोटातही होते. धातूवर धातू घासला की सूक्ष्म ठिणग्यांचा गोंगाट उठतो, म्हणून सुकाणूच्या सळीला नायलॉनची जोडणी देणे हा जुन्या कारागिरांचा नेम होता. संख्यांत बांधलेला संदेश आल्यावर ग्राहकयंत्र तो पडताळून पाहू लागले: जो ताळ्यात बसत नाही तो रद्द, आणि काही काळ एकही खरा संदेश न आल्यास आधी नेमून दिलेली स्थिती, बहुधा इंजिनाची गती अगदी मंद करणे, आपण होऊन अमलात आणणे. ही जी 'फेलसेफ'ची तजवीज, तिला मी या विद्येतील सर्वांत विचारी कल्पना मानतो. कारण हुकूम न पोहोचला तर काय करावयाचे, याचा विचार तिने शांतपणे, उड्डाणाच्या आधीच करून ठेवला.

२००५ नंतर २.४ गिगॅहर्ट्झचा पट्टा आला आणि फळीचे काम यंत्रांनी उचलले. प्रत्येक प्रेषकाला स्वतःची ओळख असते, ग्राहकयंत्राची त्याच्याशी एकदा गाठ घालून दिली की ते अन्य कोणाचे ऐकत नाही, आणि कित्येक संचांत दोघेही ठरलेल्या क्रमाने एका कंप्रतेवरून दुसरीवर उड्या घेत राहतात. मात्र या लहरीची लांबी जेमतेम साडेबारा सेंटिमीटर. ग्राहकाची तार एक मीटरवरून सुमारे तीन सेंटिमीटरवर आली हे खरे, परंतु कार्बन-तंतूंचे अंग किंवा विमानातील बॅटरी आड आली तरी तिची सावली पडते. म्हणून दोन तारा परस्परांशी काटकोनात ठेवतात, म्हणजे विमान कोणत्याही अंगावर कलले तरी एक तरी तार ऐकत राहील. प्रेषकाच्या दांडीचे टोकही विमानाकडे रोखू नये. टोकाच्या दिशेने लहर जवळजवळ जातच नाही.

तरीही विमान पडले की दोष 'सिग्नल'च्या माथी मारला जातो, आणि तो पुष्कळदा अन्यायाचा असतो. सर्व सुकाणू एकदम जोराने वळविली की ती फिरविणाऱ्या सर्व्हो मोटारी बॅटरीतून इतका प्रवाह ओढतात की दाब क्षणभर कोसळतो. तो साडेतीन व्होल्टच्या आसपास आला की कित्येक ग्राहकयंत्रे बंद पडून पुन्हा सुरू होतात, आणि तेवढा अवधी जमिनीजवळच्या विमानाला पुरेसा असतो. म्हणून जाणता माणूस शक्ती मुद्दाम घटवून, पावले मोजीत दूर जाऊन पल्ल्याची परीक्षा घेतो खरा, पण त्याआधी बॅटरी तपासतो.

२००३ च्या ऑगस्टमध्ये मेनार्ड हिल यांचे पाच किलोंहून हलके विमान न्यूफाउंडलंडहून निघून अटलांटिक ओलांडून आयर्लंडला पोहोचले. तेथील किनाऱ्यापर्यंतचा सुमारे ३,०३० किलोमीटरांचा मार्ग त्याने उपग्रहांच्या साहाय्याने दिशा ठरविणाऱ्या यंत्राच्या भरवशावर काटला. मधल्या समुद्रात त्याला हुकूम देणारा कोणी नव्हता. ३८ तास ५२ मिनिटे भरत आली तेव्हा तेथील मॅनिन किनाऱ्याच्या वाळूवर उभ्या असलेल्या माणसाने प्रेषक हाती घेतला, आणि मधल्या साऱ्या समुद्रावर कोणाचेही न ऐकलेल्या ग्राहकयंत्राने त्याचे ऐकले.