तांबडा ठिपका का पुसला?

भारतीय वायुसेनेच्या विमानाचे चित्र तुम्ही पाहिलेच असेल. त्याच्या पंखांवर मध्ये हिरवी तबकडी, तिच्याभोवती पांढरे कडे आणि बाहेर केशरी कडे असते. ही त्या विमानाच्या देशाची खूण. एरवी ती शोभेची वाटते. पण युद्धात तिच्यावर माणसांचे प्राण अवलंबून असतात. कॅनडाच्या विमानांची हकीकत ऐकली म्हणजे हे तुमच्या ध्यानात येईल.

कॅनडाचे हवाई दल १९२४ साली स्थापन झाले. त्याने ब्रिटनचीच खूण घेतली : मध्ये तांबडी तबकडी, भोवती पांढरे कडे व बाहेर निळे. पण ब्रिटनने तरी वर्तुळच का निवडले? १९१४ साली पहिले महायुद्ध सुरू झाले तेव्हा ब्रिटिश विमानांवर त्यांचा ध्वज रंगवीत. त्या ध्वजावरचा क्रूस दुरून जर्मन विमानांवरच्या क्रुसासारखा भासे. मग त्यांनी फ्रेंच विमानांवरची वर्तुळे घेतली. फक्त रंगांचा क्रम उलटा केला.

दुसऱ्या महायुद्धात नवाच पेच पडला. विमान शत्रूपासून लपले पाहिजे, पण मित्राला मात्र ओळखू आले पाहिजे! पंखांवरचे पांढरे कडे वरून उठून दिसे, म्हणून वरच्या बाजूचे ते काढून टाकले व नुसते तांबडे-निळे ठेवले. उलट, विमानाच्या गर्द रंगाच्या अंगावर निळे कडे मिसळून जाई, म्हणून तेथे बाहेरून पिवळे कडे दिले. तेही फार भडक झाले, तेव्हा १९४२ मध्ये पांढरी व पिवळी कडी अरुंद केली.

एवढे करूनही चुका होतच. २४ ऑगस्ट १९४० रोजी कॅनडाच्या पहिल्या स्क्वाड्रनने इंग्लंडच्या आकाशात दोन इंजिनांची विमाने पाहिली आणि जर्मन समजून त्यांवर हल्ला केला. ती ब्रिटिश ब्लेनहाइम विमाने होती. एक समुद्रात पडले आणि त्यातील दोघे ठार झाले.

असे का होते? आपल्या डोळ्यालाही मर्यादा आहे. एखादी वस्तू तिच्या रुंदीच्या सुमारे ३,४०० पट दूर गेली, की ती आपल्याला नुसत्या बिंदूएवढी दिसते. म्हणजे १५ सेंटिमीटर रुंदीचे कडे ५०० मीटरच्या पलीकडे धड वेगळे दिसत नाही. ताशी ५०० किलोमीटर वेगाच्या विमानाला ते अंतर कापायला चार सेकंदही लागत नाहीत. तेवढ्यात 'आपला की परका' हे ठरवायचे!

डिसेंबर १९४१ मध्ये जपान युद्धात उतरला. त्याच्या विमानांवर खूण होती ती नुसती तांबडी तबकडी. दुरून पांढरे कडे पुसट होई, निळे कडे गर्द पंखात विरून जाई आणि डोळ्यात भरे तो मधला तांबडा ठिपकाच. म्हणून पूर्वेकडील आघाडीवर विमानांवरचा तांबडा रंगच काढून टाकला. कॅनडाच्या ४३५ व ४३६ या स्क्वाड्रन १९४४ साली पंजाबातील गुजरात या गावी (ते आता पाकिस्तानात आहे) उभ्या राहिल्या. नंतर त्या इंफाळच्या खोऱ्यातून ब्रह्मदेशात लढणाऱ्या सैन्याला डाकोटा विमानांनी धान्य व दारूगोळा पोचवू लागल्या. त्या विमानांवर बाहेर गडद निळे कडे व आत फिकट निळी तबकडी असे. त्या आघाडीवरील भारतीय विमानांवरही तीच खूण होती.

युद्ध संपल्यावर, १९४६ मध्ये, निळ्या कड्याच्या आत तांबडे मेपलचे पान आले आणि कॅनडाला स्वतःची खूण मिळाली.

आता एक प्रयोग करा. गर्द हिरव्या कागदाचे दोन तुकडे घ्या. एकावर नुसती तांबडी तबकडी चिकटवा. दुसऱ्यावर तेवढीच तांबडी तबकडी, तिच्याभोवती पाच मिलिमीटर रुंदीचे पांढरे कडे व त्याबाहेर गडद निळे कडे चिकटवा. मित्राला ते मैदानात धरून उभे राहायला सांगा व तुम्ही मागे मागे जा. कोणत्या पावलाला दोन्ही सारखे दिसू लागतात ते मोजा. संध्याकाळच्या उजेडात पुन्हा मोजा. वैमानिकाची अडचण तुम्हांला आपोआप उमगेल!